ताईचा एक एकर

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नऊ वर्षांपूर्वी ताईच्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून तू सही केलीस, ते तुझ्या लक्षात असेल. मला त्या दिवशीचा तिचा अंगठा आठवतो. मशीन तो घेईना. कांदा काढून काढून कातडी फाटलेली. ऑपरेटर म्हणाला, पुसा. तिनं पदराला अंगठा घासला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मशीन वाजलं. बाहेर टपरीवर आपण चहा घेतला, मी तिला साडी दिली. ती एवढंच म्हणाली, "माहेर राहू दे म्हणजे झालं." दादांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, तीन एकरांतला तिचा एक एकर तिथं गेला.

मागच्या रविवारी पाळकसाहेब बाहेरगावी होते म्हणून शास्त्रवाचन माझ्याकडे आलं. बायबलातलं गणना हे पुस्तक, अध्याय २७. सलाफहादाच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात वारलेला, मुलगा नाही. त्या मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि विचारतात, आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हालाही वतन, जमिनीचा वाटा, द्या. मोशे स्वतः निकाल देत नाही, देवाला विचारतो. देव म्हणतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. ताई आईला भेटायला आलेली, बायकांच्या बाजूला बसलेली. पाच नावं वाचून मी मान वर केली आणि पुढची ओळ मला सापडेना.

तू म्हणशील, त्या मुलींना भाऊ नव्हता, ताईला तू आहेस. खरं आहे. नियम तसाच लिहिलाय, मुलगा नसेल तर मुलीला. त्या रात्री मीही त्याच आडोशाला जाऊन उभा राहिलो. मग ईयोबाचा शेवटचा अध्याय उघडला. सगळं गमावून परत मिळालेला माणूस. त्याच्या सात मुलग्यांपैकी एकाचंही नाव तिथं नाही, पण मुलींची आहेत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि बाप त्यांना भावांच्या बरोबरीनं वतन देतो. भाऊ असताना! नियमानं त्याला बांधलं नव्हतं. इतकं सोसल्यावर वाटणी करताना त्याच्या हातून हे झालं, ते मला पटतं.

कायदा तर आपल्या बाजूला केव्हापासून आहे. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ख्रिस्ती घरात विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलगा-मुलगी दोघांत सारखं. शेजारच्या हिंदू बहिणींना वडिलोपार्जित जमिनीत भावांइतका हक्क मिळायला महाराष्ट्रात १९९४ उजाडलं. तरी हक्कसोड आपण त्यांच्यासारखंच लिहून घेतो, साडीसकट.

आणि तो 'वतन' शब्द. आपल्या बायबलात नाबोथ नावाचा द्राक्षमळेवाला राजाला तोंडावर सांगतो, वाडवडिलांचं वतन देणार नाही. त्या शब्दापायी तो जीव गमावतो. आपल्या आजोबांच्या कानाला वतन म्हणजे गावाची वेठ. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं, सरकारी टपाल पोचवायचं, मेलेलं ढोर ओढायचं, आणि त्याबदल्यात हा माळाचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. आजोबांना ती जमीन वेठीशिवाय कसायला मिळाली. अशा जमिनीतून मी माझ्या बहिणीला बाहेर काढलं, हे मनातून जात नाही. लेवीय २५मध्ये देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे. म्हणजे सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, आपण सगळी त्याची कुळंच.

ताईचा एकर तिला परत द्यायचा, हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, जमीन परक्या घरात जाईल. तिचं चूक म्हणवत नाही, पोरांची काळजी आहे तिला. त्या पाच मुलींच्या भाऊबंदांनीही गणना ३६मध्ये हेच गाऱ्हाणं नेलं, आणि मुलींना आपल्याच वंशात लग्न करायला सांगण्यात आलं. तो भाग मला आजही खटकतो. पण जमीन परत घेतली नाही. पुढे मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याच्याकडे जाऊन त्यांना पुन्हा मागावी लागली, तेव्हा वाटा पदरात पडला.

ताईला मी मागायला लावणार नाही. काल फोन केला. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "विहिरीकडचा तुकडा दे. चिंच राहू दे त्यात. आणि आईला तूच सांग." आईला सांगितलं. तिनं डोळे पुसले आणि बांधावर कुठवर माप येईल ते विचारलं.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे, त्यामुळे बक्षीसपत्राआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. अर्ज सोमवारी देतो. परवानगी आली की तारीख कळवीन. साक्षीदार दोन लागतात. एक तू हो, आधार कार्ड घेऊन ये.

तुझा मित्र