सर्दी असेल तर बाळाला बघायला येऊ नका

मा. संपादक,

गेल्या श्रावणात लालबागच्या आमच्या घरी नातीचं बारसं झालं. पोर तीन आठवडे आधीच जन्मलेली, म्हणून सव्वा महिन्याने केलं. आलेल्यांपैकी एकाचं नाक वाहत होतं. ‘साधी सर्दी आहे’ म्हणत त्याने बाळाचा पापा घेतला. पाचव्या दिवशी ती दूध ओढेना. दोन घोट घेतले की धाप. झबलं वर केलं तर दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. सहा दिवस ऑक्सिजनवर होती. निदान आरएसव्ही या विषाणूचं. तो त्याच पाहुण्याकडून आला असं मी म्हणणार नाही. पण मोठ्यांना ज्याने नुसती सर्दी होते तोच हा विषाणू, हे मला तिथे कळलं.

‘आईची ताकद बाळात असतेच’ असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धं. आईची प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातले रोगाशी लढणारे घटक, वारेतून बाळाला मिळतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. आधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी तेवढी कमी. तीही काही महिन्यांत सरत जाते आणि बाळाचं शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला अजून शिकतच असतं. अंगावरच्या दुधाचा आधार मोठा, पण तोही पुरा पडेलच असं नाही. त्यात श्वासाच्या नळ्या इतक्या बारीक, की थोडी सूज आणि चिकट कफ एवढ्यानेच श्वास कोंडतो. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आणि बंद खोलीतली ओव्याची धुरी, जी मीही माझ्या मुलांना दिली, ती या नळ्यांना त्रासच देते.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त भरला, तर लगेच डॉक्टर गाठावा. किरकोळ सर्दीसाठी सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याच्या लशी पुढे ढकलू नयेत.

सुनेला सगळं दिसत होतं. पण घरच्या मोठ्या माणसाला ‘बाळाला घेऊ नका’ हे तिने कोणत्या तोंडाने सांगायचं? ते आम्ही सासवांनी सांगायला हवं होतं. मी गप्प बसले. पुढच्या महिन्यात पुतणी बाळंतपणाला येतेय. या वेळी दारात मी उभी राहणार आहे.

– एक आजी, लालबाग, मुंबई