आबांची जमीन कुठे आहे?

कॅम्पबेल बे, ग्रेट निकोबार

चि. माऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, हॉस्टेलमधल्या मुली म्हणतात, आडनाव साताऱ्याचं आणि गाव निकोबार, हे कसं काय? आपली जमीन नक्की कुठे आहे?" आवाज तुटत होता, म्हणून नीट सांगता आलं नाही. आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाहीच. म्हणून लिहितोय. वेळ काढून वाच.

तुझे आबा माण तालुक्यातले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते, तिलाच 'काळी पाचवी' म्हणतात. सप्टेंबर १९६५ मध्ये ही पलटण सतलजवरच्या हुसैनीवालाच्या बचावाला होती. भगतसिंगांची समाधी आहे ना, तेच ठिकाण. पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल नोलन त्या लढाईत धारातीर्थी पडले. आबा लढाईबद्दल फार बोलत नसत. एक मात्र नेहमी सांगायचे, की खंदकात माणूस भुकेनं नाही, तहानेनं आधी खचतो, आणि पाण्याची बाटली ज्याच्याकडे असते त्यानं सगळ्यात शेवटी प्यायची. हे पुढे कामाला आलं. ते सांगतोच.

पेन्शनीवर गावी आले आणि १९७२ चा दुष्काळ पडला. घरची दोन एकर कोरडवाहू, वाटेकरी तीन भाऊ. विहीर तळाला गेलेली. त्या वर्षात सुभेदार असो की शिपाई, सगळेच खडी फोडायला दुष्काळी कामावर. तेव्हा सरकार माजी सैनिकांना ग्रेट निकोबारला वसवत होतं. १९६९ पासून १९८० पर्यंत पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू अशा राज्यांतून सुमारे ३३० कुटुंबं इथे आणली. देशाचं दक्षिण टोक, इथून इंडोनेशियाचं सुमात्रा बेट जवळ. तिथे आपली भरवशाची माणसं असावीत, हा त्यामागचा विचार. आबांना तो पटला. पण खरं कारण पाणी होतं. "जिथं पाऊस पडतो तिथं जायचं," एवढंच ते आजीला म्हणाले.

मद्रासहून पोर्ट ब्लेअर आणि तिथून पुन्हा जहाजानं इथे. मी पाच वर्षांचा होतो. आजी वाटभर ओकत होती, पण कमरेला बांधलेलं गाठोडं तिनं सोडलं नाही. त्यात शाळूचं बी होतं.

त्या शाळूची गोष्ट तुला माहीत हवी. जमीन म्हणून जे मिळालं ते रान होतं. झाडांची मुळं भिंतीसारखी उभी, माणसाच्या डोक्याच्या वर. कुऱ्हाडीनं एकेक झाड पाडायला दिवस जायचे. खोडकं उपटणं शक्यच नव्हतं, ती तशीच ठेवून मधल्या मोकळ्या जागेत कुदळीनं शेत केलं. पहिल्या वर्षी आबांनी शाळू पेरला. पुरुषभर वाढला. आजी रोज जाऊन बघून यायची. कणसं भरली, आणि पाऊस थांबेना. दाणे काळे पडले, कणसातच मोड आले. माणमध्ये पाण्यावाचून पीक जळताना बघितलेल्या त्या बाईनं पाण्यानं सडलेलं पीक पहिल्यांदाच बघितलं. आजी त्या दिवशी जेवली नाही, एवढं मला आठवतं. भाताचंही तसंच. थोडं यायचं, रानडुकरं लोळून जायची.

नारळ लावायला आबांना एका निकोबारी म्हाताऱ्यानं शिकवलं. आबा तीन फुटी खड्डे खणत होते. तो हसला म्हणे. पिकून पडलेला नारळ सावलीत नुसता ठेवून दे, कोंब फुटला की मग जागा दाखव, असं त्यानं खुणांनी सांगितलं. केवड्याच्या जातीतल्या झाडाचं फळ शिजवून त्याचा लगदा करून खायचा, हेही त्यानंच दाखवलं. लोक तुझ्या आबांना इथले पहिले शेतकरी म्हणतात. मला ते पुरतं खरं वाटत नाही. निकोबारी लोकांच्या नारळाच्या बागा आपल्या आधीपासून होत्या, आणि आत जंगलात शोंपेन लोक होते, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आबांनी कष्ट केले ते कुणी नाकारू नये. पण रिकाम्या जमिनीवर आलो, असं तू कुणाला सांगू नकोस.

नारळ धरायला सहा-सात वर्षं गेली. मधल्या ओळींत सुपारी, केळी. मग माकडांशी लढाई. शहाळं कोवळं असतानाच तोडून अर्धं खाऊन टाकायची. ऊन नसल्यानं खोबरं धुरावर वाळवायचो, आणि पोर्ट ब्लेअरचं जहाज उशिरा आलं की बुरशी धरायची. मी, तुझी आत्या, आम्ही दोघं त्या धुरात डोळे चोळत वाढलो. शेजारच्या सरदारजींची मुलं आणि आम्ही शाळेत हिंदी बोलायचो, घरी आजी ओव्या म्हणायची. मला ते बालपण गरीब कधी वाटलं नाही.

२६ डिसेंबर २००४. रविवार. दत्तजयंती होती, म्हणून आजी लवकर उठली होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास जमीन अशी हलली की उभं राहता येईना. आबा ओरडले, "डोंगराकडं!" तू चार महिन्यांची होतीस. तुझ्या आईनं तुला पदरात बांधलं आणि आम्ही पळालो. वर पोहोचून मागं बघितलं तर बाग होती तिथे पाणी होतं.

रात्री जंगलात आबांनी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि मोजलं. दर दोन तासांनी मोजायचे. कमी भरलेले आकडे त्यांनी मोठ्यानं म्हटले नाहीत. वाहून आलेले, डोंगराच्या पायथ्याला अडकलेले नारळ आम्ही गोळा केले. आबांनी कोयत्यानं एकेक फोडून आधी लेकुरवाळ्यांना, मग पोरांना, मग म्हाताऱ्यांना दिला. ते स्वतः शेवटी प्यायले. काही दिवसांनी सुटका झाली तोवर आम्ही त्यांच्याच बागेतल्या नारळांवर जगलो.

१९६५ चं समर सेवा स्टार पदक, डिस्चार्ज बुक, जमिनीचे कागद, सगळं काळ्या ट्रंकेत होतं. ती ट्रंक गेली. बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं. इंदिरा पॉइंटचं दीपगृह तू पाण्यात उभं बघितलं आहेस, ते आधी जमिनीवर होतं. गांधीनगर, शास्त्रीनगर ही इथली गावं उठून गेली. शास्त्रीजींनी १९६५ मध्येच 'जय जवान, जय किसान' म्हटलं होतं. आबा दोन्ही होते, आणि त्यांची बाग त्याच नावाच्या गावाशेजारी बुडाली.

आता गलाथिया खाडीवर मोठं बंदर येणार, विमानतळ होणार. २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. किनाऱ्याच्या जमिनींची मोजणी चालू झाली की लोक विचारतात, तुमचं काय होतं इथे? माझ्याजवळ कागद नाही. म्हणून तुला ओळी सांगतो, लिहून ठेव: समुद्राकडून नारळाच्या अकरा ओळी, मध्ये सुपारी, ओढ्याकडे केळी, वायव्येला विहीर.

ती विहीर अजून आहे. मोठ्या ओहोटीला तिच्या सिमेंटच्या दोन कड्या उघड्या पडतात. तू दिवाळीला येशील तेव्हा लक्ष्मीपूजनाची अमावास्या असेल, पाणी खूप मागं जाईल. तेव्हा नेतो तुला. बूट घेऊन ये, तिथले कालवांचे कवच पाय कापतात.

तुझे
बाबा