अणुकेंद्रकीय भौतिकशास्त्राच्या उत्तरसंचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : उत्तरसंचातील चुका दुरुस्त करणे अथवा शुल्क परत मिळणे.

महोदय,

मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून, आपल्या ॲपवरील अणुकेंद्रकीय भौतिकशास्त्राच्या सोडवलेल्या उदाहरणांचा संच मी शुल्क भरून घेतला आहे. त्यातील प्रत्येक उदाहरण तज्ज्ञांकडून तपासून घेतले असल्याचा दावा आपल्या जाहिरातीत आहे.

हेलियम-४ च्या बंधनऊर्जेचे (अणुकेंद्रकातील कण सुटे करण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचे) उदाहरण पाहावे. त्यात प्रोटॉनचे वस्तुमान १.००७२७६ आणि न्यूट्रॉनचे १.००८६६५ अणुवस्तुमान एकक घेऊन, दोन-दोन कणांच्या बेरजेतून ४.००२६०३ एकक वजा केले आहेत व उरलेल्या वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर करून उत्तर २७.२७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) दिले आहे. परंतु ४.००२६०३ हे हेलियमच्या संपूर्ण अणूचे वस्तुमान असून त्यात दोन इलेक्ट्रॉनही आले. प्रोटॉनऐवजी हायड्रोजन अणूचे १.००७८२५ एकक घेतले असते, तर इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंनी कटून २८.३० एमईव्ही हे योग्य उत्तर मिळाले असते. राहिलेला सुमारे १.०२ एमईव्हीचा फरक म्हणजे नेमकी त्या दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाचीच ऊर्जा होय.

सोडियम-२२ च्या पॉझिट्रॉन-क्षयात (ज्यात अणुकेंद्रकातून पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉन, बाहेर पडतो) प्रकार उलटा आहे. तेथे अणुवस्तुमानांच्या फरकातून येणारे २.८४ एमईव्ही हेच क्यू-मूल्य (क्षयात मुक्त होणारी ऊर्जा) म्हणून दिले आहे. वास्तविक या क्षयात इलेक्ट्रॉन आपोआप कटत नाहीत, दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाचे १.०२ एमईव्ही वजा करावेच लागतात आणि उत्तर १.८२ येते.

अल्फा-क्षयात ऊर्जा-अडथळा भेदण्याची संभाव्यता काढताना जे संकलन (इंटिग्रेशन) विद्यार्थ्यांना खरोखर अडते, तेथे ‘सोप्या आकडेमोडीने’ एवढे दोनच शब्द लिहून थेट अंतिम सूत्र दिले आहे. ते संकलन इतके सोपे असते, तर हा संच विकत घेण्याची गरजच पडली नसती.

उदाहरण आधी स्वतः सोडवून मग अशा संचाशी ताडून पाहण्याची आम्हा विद्यार्थ्यांची पद्धत असते. ताडण्याचा आधारच चुकीचा निघाला, की बरोबर सोडवलेले उदाहरण खोडून चुकीची रीत वहीत उतरते आणि परीक्षेत गुण जातात.

हे सर्व आपल्या मदत केंद्राला सविस्तर कळवले असता, ॲप अद्ययावत करून पाहावे, असे उत्तर मिळाले. वस्तुमानांची गफलत त्याने कशी सुटणार, हे मला समजले नाही.

तरी विषयतज्ज्ञाकडून संच तपासून घेऊन, शुद्धिपत्र सर्व खरेदीदारांना पाठवावे व अल्फा-क्षयातील गाळलेल्या पायऱ्या द्याव्यात. ते पंधरा दिवसांत शक्य नसल्यास माझे संपूर्ण शुल्क परत करावे. शुल्काची पावती व संबंधित पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपली विश्वासू,
एक ग्राहक