अनुदानाचे २१,००० रुपये

१२ डिसेंबर २०२३

प्रिय बाळ्या,

रामराम. तीन वर्षांपूर्वी तुझा फोन मी मध्येच ठेवला आणि पुन्हा केला नाही. चूक माझी होती. इकडे सगळं ठीक. हिची शुगर आटोक्यात आहे, माझी कंबर होती तशीच आहे.

काल चांदवडला रास्ता रोकोला गेलो होतो. कांद्याच्या निर्यातबंदीचं तू वाचलंच असशील. ऑगस्टात ४० टक्के शुल्क, ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य, आणि गेल्या शुक्रवारपासून ३१ मार्चपर्यंत थेट बंदी. चार महिन्यांत तिसरा घाव. उन्हाळ कांदा असता तर कांदाचाळीत ठेवून वाट पाहिली असती. हा लाल, टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. गेल्या बुधवारी भाऊसाहेबांचा क्विंटलला ३,५०० ने गेला. त्याच शिवारातला, त्याच बियाण्याचा माझा कांदा आज १,९०० ने गेला.

पण पत्र त्यासाठी नाही. काल हायवेवर बसलो, घोषणा सुरू झाल्या. मागून शेतकरी संघटनेच्या जुन्यांपैकी कुणीतरी ओरडला, ‘भीक नको!’ आणि बाळ्या, पुढचं ‘हवे घामाचे दाम’ माझ्या तोंडून निघालंच नाही. घसा भरून आला असं शेजारच्याला वाटलं. खरं कारण तुलाच सांगतो. मी अनुदान घेतलंय.

फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव मातीत गेला तेव्हा राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले, जास्तीत जास्त २०० क्विंटलला. आपले ६० क्विंटल भरले. पोरानं सातबारा, विक्रीपट्टी सगळं जोडलं, सही मी केली. २१,००० रुपये. हप्त्याहप्त्यानं आले आणि याच लाल कांद्याच्या लावणीच्या मजुरीत गेले. म्हणजे सरकारच्या पैशानं लावला आणि सरकारच्याच हुकमानं पडत्या भावात विकला. घरात कुणाला यात काही वाटत नाही. पोरगा म्हणतो, बाबा, सगळ्या गावानं घेतलंय.

आज आपल्या शरद जोशी साहेबांना जाऊन आठ वर्षं झाली. स्वित्झर्लंडमधली, बर्नची नोकरी सोडून आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत उतरलेला तो माणूस आपल्याला काय शिकवत होता? सरकार आपल्याला देतं त्यापेक्षा भाव पाडून कितीतरी जास्त नेतं. उणे सबसिडी. तेव्हा दुरुस्ती भाव पाडण्यातच व्हायला हवी, वरून चिमूटभर टाकून नव्हे. मी मनाला समजावतो की हे माझेच पैसे परत आले, भरपाई आली. मग लगेच वाटतं, भरपाई असती तर ती किती हे मला विचारून ठरलं असतं. इथे आकडा त्यांनी ठरवला, अटी त्यांच्या, फोटो त्यांचे. आणि पुढच्या वेळी भाव पाडताना त्यांना सांगता येईल की मागं दिलं होतं ना! आताही केंद्रासाठी कांदा घेणाऱ्या नाफेडची खरेदी वाढवण्याची भाषा आहे. बाजार बंद करायचा आणि मग दारात एकच गिऱ्हाईक उभं करायचं. काल अर्धी पोरं अनुदानच मागत होती. त्यांना काय सांगू, कोणत्या तोंडानं?

आता त्या भांडणाचं. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्याची निर्यातबंदी आली आणि त्याच आठवड्यात संसदेत शेतीचे कायदे मंजूर होऊ लागले. मी खुशीत होतो, आवश्यक वस्तू कायद्यातून कांदा सुटला म्हणून तुला फोन केला. तू म्हणालास, नीट वाच, भाज्या-फळांचा भाव दुप्पट झाला की साठ्यावर मर्यादा घालायची मुभा ठेवलीच आहे, आणि निर्यातीच्या चाव्या तर त्यांच्याच खिशात आहेत. मी तुला समाजवादी म्हणालो आणि फोन ठेवला. बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक मला हवी होती आणि आजही हवी आहे, ते कायदे मागे घेतले याचं दुःख अजून आहे. पण चाव्यांचं तू खरं बोललास. एका हातानं दार उघडून दुसऱ्या हातानं कडी घालणाऱ्याला सुधारक म्हणायची घाई मी केली.

समाजवादी हा शब्द मागे घेतो. झोपाळू मात्र मागे घेणार नाही. नोव्हेंबर ८६ च्या महिला अधिवेशनात, त्याच चांदवडला, लाखावर बाया पाण्यासाठी ताटकळल्या असताना तू टँकरच्या सावलीत घोरत होतास. हिची आणि वहिनींची ओळख तिथलीच, तुला उठवायला दोघी मिळून गेल्या होत्या.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं तुझ्या भाच्याकडून कळलं. जिना चढता येतो का? धाकटीचं पुण्यातच ठरलं, फार बरं झालं. तारीख कळव, येतोच.

संघटनेचा लाल बिल्ला शर्टाला लावून गेलो होतो काल. परतताना एसटीत काढून खिशात ठेवला. अजून खिशातच आहे.

उन्हाळ कांद्याची रोपं लावणीला आलीत. पुढच्या सोमवारी मजूर सांगितलेत. दोन एकर लावतो दरवर्षी. हा एप्रिलात निघेल, तेव्हा बंदी असेल की उठलेली असेल, कोण सांगणार? पोरगा म्हणतो एकच एकर लावू, उरलेल्यात मका. रविवारपर्यंत फोन कर. दोन लावू की एक, हे तुला विचारून ठरवायचंय.

तुझाच,
दामू