तुटक रेषेबद्दल आभार

आदरणीय काका,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे, क्रेनचं काय झालं?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन आमच्या वर्गातले बरेचसे हिंजवडीला आयटीत गेले. मी कारखान्यांचे लेआउट करणाऱ्या ऑफिसात आले. ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, येत होतं. कुठली मशीन कुठे आणि का, हे मात्र कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत, आणि तेही चाकणच्या शेडमध्ये उभं करून.

"मशीन आत कशी येईल ते सगळेच बघतात. बाहेर कशी निघेल ते तू बघ." हीट एक्स्चेंजरच्या (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्राच्या) ट्यूबा कधीतरी ओढून काढाव्याच लागणार, म्हणून त्याच्यासमोर साधारण त्याच्याच लांबीची जागा मोकळी हवी. आणि ती ड्रॉइंगवर तुटक रेषेनं दाखवायची, नाहीतर इलेक्ट्रिकलवाले तिथे पॅनल उभं करतात. (रागावू नका मंडळी, पण करता.)

क्रेन किती टनांची, हे कॅटलॉगात सापडतं. तुम्ही मला पेंडंट, म्हणजे क्रेन चालवायची बटणं, हातात देऊन हुक भिंतीकडे न्यायला लावलात. तो भिंतीच्या चांगला अलीकडेच थांबला. हुक वाहणारी ट्रॉली त्यापुढे जाऊच शकत नव्हती. "आता इथे भिंतीला लागून डाय (प्रेसचा जड साचा) ठेवली, तर उचलणार कोण?" तेव्हापासून शेडमधली कुठलीही बे (खांबांच्या दोन रांगांमधला पट्टा) हातात आली की आधी हुक पोहोचतो तेवढा चौकोन आखते, मशीन मागाहून.

दाबाच्या हवेच्या लाइनचा फाटा मेन पाइपच्या वरच्या अंगानं काढायचा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी हवेवर चालणाऱ्या टूलमध्ये उतरत नाही. लोडिंग बे शक्यतो पश्चिमेला नको, पावसाचा झोत तिकडूनच येतो. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधला, माणशी किमान १४.२ घनमीटर जागेचा नियमही तुम्हीच समजावलात: मोजायची ती जमिनीपासून ४.२ मीटर उंचीपर्यंतच. छप्पर उंच बांधून खालची दाटी झाकता येत नसे.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. रात्रीच्या शटडाउनला (कारखाना थांबवून करायच्या कामाला) मुलीला कसं पाठवायचं, यावर मीटिंगमध्ये बराच खल चालला होता. तुम्ही वहीतून मानही वर न करता म्हणालात, "ती येतेय. लेआउट तिचा आहे." त्या रात्री फाउंडेशन बोल्टवर प्रेस उतरताना पाहिली. त्यानंतर कुणी मला विचारल्याशिवाय त्या शॉपमधला खांबसुद्धा रंगवला नाही.

नवीन शेडची ट्रायल दिवाळीनंतर आहे. बघायला या, चुका काढा. सेफ्टी शूज मात्र घरून घालून या. इथे पाहुण्यांसाठी कायम दहा नंबरचेच असतात.

तुमची,
लेआउटवाली