बेडकाला कॅमेरा, वटवाघळाला दगड

संपादक महोदय,

पाऊस लागला की आंबोलीत मलबार उडत्या बेडकाचे फोटो काढायला झुंबड उडते. देखणाच आहे तो! पण खरे तर तो उडत नाही. बोटांमधले लालसर पडदे पसरून फांदीवरून तिरका तरंगत खाली येतो, फार तर १०-१२ मीटर. खरे उडते ते फळखाऊ वटवाघूळ. त्याचेही पंख म्हणजे लांबलेल्या बोटांवर ताणलेली कातडीच, पण पसारा मीटरभराहून जास्त. रात्रीत कित्येक किलोमीटर हिंडून ते वड-उंबराच्या बिया दूरवर टाकते. तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला अनेक वर्षे उंदरांच्या पंगतीला ‘उपद्रवी’ म्हणून बसवले होते. (चिकू खातात, कबूल. आमच्याही बागेतले खातात.) बेडकाची मादी पाण्यावरच्या पानांत फेसाचे घरटे करून ढिगाने अंडी घालते, वटवाघळाला वर्षाला बहुधा एकच पिल्लू. त्यांच्या वस्तीचा जुना वड रस्त्यासाठी तोडायचाच असेल, तर निदान पिल्ले उडू लागेपर्यंत तरी थांबा.

– एक बागायतदार, सावंतवाडी