ओटी टेस्ट कोणत्या नळाला घेतली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की एका गावात गॅस्ट्रो, दुसरीकडे कावीळ, तिसरीकडे डेंग्यू अशा बातम्या येऊ लागतात. त्यांचा शेवटचा परिच्छेद बहुधा ठरलेला असतो : पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले, आरोग्य पथक गावात तळ ठोकून आहे, संबंधितांना कारणे दाखवा नोटीस. हे सगळे साथ आल्यानंतरचे. ती येऊ नये म्हणून गावात जे रोजचे आणि आठवड्याचे काम व्हायला हवे, ते गावाच्या आरोग्य उपकेंद्राचा आरोग्य सेवक आणि त्याच्यावर देखरेख करणारा आरोग्य सहाय्यक करतात. त्या कामात नेमके काय बिघडते, हे ग्रामपंचायत सदस्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणून हे लांबलेले पत्र.

मैदानी भागात ५ हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने हिवताप, लसटोचणी, कुटुंबनियोजन यांचे वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय कर्मचारी सुचवला आणि उपकेंद्रात एक सेविका व एक सेवक अशी जोडी ठरली. सेविकेच्या पगाराचा भार केंद्राच्या कुटुंबकल्याण कार्यक्रमाने उचलला, सेवकाचा राज्यांवर राहिला. पैसे वाचवायचे झाले की कोणते पद रिकामे राहणार, हे तिथेच ठरून गेले. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले, पाट्यांवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेले असते, रक्तदाब आणि साखर तपासली जाते. चांगलेच आहे. पण विहीर, टाकी, व्हॉल्व्ह आणि गटार यांच्याकडे बघायला कोणी नेमलेला असेलच असे नाही, आणि असला तर त्याच्याकडे शेजारच्या उपकेंद्राचाही कार्यभार असतो.

आता पाण्याचे. टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर, विकत घ्यायची ग्रामपंचायतीने, टाकायची जलसुरक्षकाने (गावच्या पाण्याची काळजी घ्यायला नेमलेल्या माणसाने) आणि तपासायची आरोग्य सेवकाने, अशी आपल्याकडची वाटणी आहे. पुरवणारा आणि तपासणारा वेगळे असणे तत्त्वतः योग्यच. अडचण सुरू होते ती पोत्यापासून. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो आणि उरतो चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाणी शुद्धीकरणाला अयोग्य धरतात. तरीही बिलाच्या सोयीसाठी वर्षभराची पोती एकदम उतरवली जातात, तोंड उघडे टाकून पंपघराच्या फरशीवर ठेवली जातात. क्लोरीन लोखंड खातो, त्यामुळे तिथला स्टार्टरही गंजतो, तो भाग वेगळाच. पावडर दोन-तीन महिन्यांपुरतीच घ्यावी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, जमिनीपासून उंच, अंधाऱ्या कोरड्या खोलीत ठेवावी. वासावर विसंबू नये. मेलेल्या पावडरीलाही वास येतो.

मात्रा ठरवायला विहिरीचे पाणी मोजावे लागते. व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ३ मीटर असेल, तर ३.१४ गुणिले २ गुणिले २ गुणिले ३, म्हणजे सुमारे ३७.७ घनमीटर. घनमीटरला हजार लिटर धरून ३७,७०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम चांगली पावडर हा गावपातळीवरचा ठोकताळा. त्याने साधारण १९० ग्रॅम लागते. हीच विहीर ऑगस्टमध्ये ७ मीटरपर्यंत भरली की ४४० ग्रॅम. पावडर १५ टक्क्यांवर आलेली असेल, तर उन्हाळ्यातल्या पाण्यालाही ४१५ ग्रॅम. जलसुरक्षकाचे माप मात्र वर्षभर तेच असते, कारण कोणी तरी एकदा ते त्याला दाखवलेले असते. आरोग्य सहाय्यकाने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात पुन्हा एकदा त्याच्याबरोबर दोरी टाकून पाणी मोजले, तर एवढा एक दोष सहज जातो.

पावडर सरळ टाकीत ओतायची नसते. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करावी, पाणी वाढवून ढवळावे, दहा मिनिटे ठेवावे, चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून तीच वापरावी. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. टाकी भरत असताना निवळी टाकली की ती नीट मिसळते, भरल्यानंतर टाकली की वरच राहते. मग किमान अर्धा तास, शक्यतो तासभर पाणी सोडू नये. प्रत्यक्षात वीज रात्री येते, टाकी पहाटे भरते आणि सहाला नळ सोडावे लागतात. तासभर थांबायला वेळच नसतो. पहिल्या आळीला औषधाचा वास येतो, तक्रार होते, दुसऱ्या दिवशी माप निम्मे. शेवटच्या वस्तीला आधीही काही मिळत नव्हते, आता तर नाहीच. (तक्रार करणारी घरे टाकीजवळची असतात आणि बहुतेकदा वजनदारही.)

यावर नजर ठेवायचे साधन म्हणजे ओटी टेस्ट. ऑर्थोटोलिडीनचे थेंब पाण्यात टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो आणि तो पट्टीवरच्या रंगांशी ताडून आकडा वाचायचा. मुक्त क्लोरीन किती, हे पहिल्या दहा सेकंदांत दिसते. पंधरा-वीस मिनिटांनी रंग गडद झाला, तर त्यात अमोनियाशी बांधला गेलेला, फारसा कामाचा नसलेला क्लोरीनही मोजला जातो. नळी बाजूला ठेवून सही करून येईपर्यंत पाणी झकास पिवळे होते. गढूळ पाणी मुळातच पिवळसर दिसते, म्हणून शेजारी औषध न टाकलेल्या पाण्याची नळी धरून बघावे. पहिल्या पावसानंतर गाळ आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते, त्यामुळे मे महिन्यातली मात्रा जूनमध्ये पुरत नाही. पावडरीचे गणित ही फक्त सुरुवात आहे. शेवटी मात्रा नळावरच्या आकड्यावरून वर-खाली करायची असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल, तर ०.५.

आणि नेमके हेच ओटीच्या नोंदवहीत नसते. तिथे तारीख आणि “पॉझिटिव्ह” (म्हणजे क्लोरीन आढळला), दोनच गोष्टी. कोणत्या नळाला, किती वाजता, आकडा किती, काही नाही. टाकीच्या बुडाशी असलेल्या नळाला ओटी जवळजवळ रोज पॉझिटिव्हच येते. नळाचे पाणी काही तासच असते. बाकी वेळ पाइप रिकामे होत जातात, आत ओढ तयार होते आणि गटारातून गेलेल्या फुटक्या जोडातून किंवा सांडपाण्यात बुडालेल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून घाण आत खेचली जाते. पुन्हा पाणी सुटले की पहिला लोट हीच घाण घेऊन शेवटच्या घरांपर्यंत जातो. म्हणून ओटी शेवटच्या नळाला, आणि पाणी सुटताक्षणी एकदा व दहा मिनिटांनी एकदा घ्यायला हवी. पहिली शून्य आणि दुसरी ठीक असेल, तर वाटेत गळती शोधा. दोन्ही शून्य असतील, तर आधी टाकीपाशी या आणि मात्रा तपासा. तिथला आकडा ठीक निघाला, तर दोष पुन्हा वाटेतला. एवढ्या दोन आकड्यांत निम्मे निदान होते.

प्रयोगशाळेच्या नमुन्याबाबतही एक-दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली थायोसल्फेट घालून येते. पाण्यातला क्लोरीन तिथेच निष्प्रभ व्हावा आणि जंतू वाटेत मरू नयेत, यासाठी ते असते. स्वच्छतेच्या सवयीने कोणी बाटली दोनदा विसळली की थायोसल्फेट गटारात गेले आणि अहवाल “पिण्यास योग्य” आला. नमुना बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचायला हवा, सहा तासांत पोहोचला तर उत्तम. साथ आल्याची खबर मिळताच घाबरून आधी विहिरीत भरमसाट टीसीएल टाकायची आणि मग नमुना घ्यायचा, ही तर सार्वत्रिक रीत. आधी नमुना, मग पावडर. काविळीत याचाही उपयोग मर्यादित असतो. अ प्रकारची कावीळ साधारण दोन ते सात आठवड्यांनी आणि ई प्रकारची दोन ते आठ आठवड्यांनी उमटते. आज रुग्ण दिसत आहेत म्हणजे पाणी महिनाभरापूर्वी बिघडले होते. आजचा नमुना स्वच्छ आला म्हणून पाण्याला दोषमुक्त करू नये. त्या काळातली ओटीची वही, पाइप फुटल्याच्या नोंदी आणि रुग्णांची घरे नकाशावर मांडावीत.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळी आणि हिरवी कार्डे दिली जातात. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड आणि साथ नाही, तर चंदेरी. पद्धत उत्तम आहे. मात्र स्रोताभोवतीची घाण, कठडा, गळती, टीसीएलचा साठा हे सगळे त्या एका दिवसाचे असते आणि तो दिवस आधी माहीत असतो.

डासांचेही असेच. बातमीत धूर फवारणीचे छायाचित्र असते. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी ते डास ही वाटचाल सात ते दहा दिवसांची, म्हणून घरोघर भेट आठवड्याला हवी. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे रांजण नुसता उपडा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. कंटेनर सर्वेक्षणात, म्हणजे घरोघरची पाण्याची भांडी तपासताना, १०० घरांपैकी अळ्या सापडलेली घरे म्हणजे हाउस इंडेक्स. तो १० च्या वर गेला की धोका. हा आकडा फसवा होतो तो कुलूपबंद घरे आणि न चढलेल्या गच्च्या यांमुळे. जुलै २०२१ मध्ये एडिस डासामुळेच पसरणाऱ्या झिका आजाराचा राज्यातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये सापडला, तेव्हा लागलेले हत्यार हेच होते : घर, भांडे, अळी. शहरांची अवस्था निराळी नाही. तिथल्या निरीक्षकांचा दिवस कचरा आणि दंडाच्या पावत्यांत जातो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आढळला आणि चर्चा पुन्हा विहीर, टँकर आणि क्लोरीन यांपाशीच आली.

दोष फक्त वरच्यांचा आहे असे नाही. घरी बसून भरलेली ओटीची वही आणि एकाच शाईने एका बैठकीत भरलेला महिना आरोग्य खात्यातल्या कोणालाही ओळखता येतो. पण ज्या सेवकाचे अर्धे आठवडे पोर्टलच्या नोंदी, शिबिरे आणि सभांच्या व्यवस्थेत जातात, त्याच्याकडून याहून वेगळे काय होणार? अहवालात “भेट दिली” ही टिक मोजली जाते, नळावरचा आकडा मोजला जात नाही. आणि त्याने गळतीचे लेखी पत्र दिले, तरी दुरुस्तीचा अधिकार त्याच्याकडे नसतो, पावडर खरेदीचाही नसतो. साथ आल्यावर मात्र नोटीस त्याला पहिली.

तेव्हा मागणी साधी आहे. ओटीच्या वहीत नळाचे ठिकाण, वेळ आणि आकडा असे रकाने छापावेत. टीसीएल पुरवठादाराचे देयक प्रयोगशाळेच्या अहवालानंतरच काढावे. सेवकाच्या गळतीच्या पत्राला ग्रामपंचायतीने आठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि न दिल्यास ते पत्र गटविकास अधिकाऱ्यांकडे आपोआप जावे. आठवड्यातले तीन दिवस फक्त क्षेत्रभेटीचे असावेत. पुरुष सेवकांची रिक्त पदे भरावीतच. नेमणुकीनंतर पूर्ण करायच्या १२ महिन्यांच्या मूलभूत पाठ्यक्रमाला त्यांना वेळेवर पाठवावे, वर्षानुवर्षे तसेच राबवू नये.

यातले बरेचसे शासन निर्णयाची वाट न पाहताही होऊ शकते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ओटीची वही टेबलावर मागवा, जूनची आणि जुलैची पाने वाचून दाखवायला सांगा, आणि नमुना कोणाच्या घरच्या नळाचा होता ते विचारा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक, पुणे जिल्हा